वसाबीचं स्टेडियम आणि न बघितलेली मॅच

आधीच सांगून टाकतो, या पोस्टमध्ये मॅच नाहीये. बेल्जियममधल्या सिंट-ट्राउडन गावात फुटबॉलची मॅच बघायलाच गेलो होतो, स्टेडियमच्या दारात जाऊन उभा पण राहिलो, फक्त मॅच दुसऱ्या दिवशी होती. निघायच्या आधी पुण्यात बसून मी फिक्स्चरचा स्क्रीनशॉट काढून ठेवला होता आणि तो ब्रह्मवाक्य समजून त्यावर पूर्ण वीकेंड बसवला. टीव्हीच्या सोयीप्रमाणे मॅच इकडची तिकडं सरकते हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं, मलाही माहीत होतं, पण परत तपासलं नाही. शनिवारची मॅच रविवारी गेली. आणि रविवारी माझी फ्लाइट.

तर झालं असं की ऑफिसच्या कामासाठी दोन आठवडे ब्रसेल्सला होतो. त्या दोन आठवड्यांवर लिहिण्यासारखं काही नाही, मीटिंगा, एप्रिलचा भुरभुर पाऊस आणि दुपारी थंडगार सँडविच. पहिला वीकेंड ब्रुजला घालवला, छान आहे, फोटो तुम्ही सगळ्यांनी बघितलेत, मी जास्त काय सांगणार. दुसऱ्या वीकेंडला टीममधले सगळे अ‍ॅमस्टरडॅमला निघाले आणि मी म्हटलं मी सिंट-ट्राउडनला जातो. लूव्हनला माझा मावसभाऊ राहतो, त्याला फोन केला तर म्हणाला, "तिथं काय आहे? सफरचंदं?" म्हटलं दादा, फुटबॉल आहे. तो म्हणाला फुटबॉल बघायचाय तर ब्रसेल्समध्येच अँडरलेख्ट आहे की, चौतीस वेळा चॅम्पियन झालेला क्लब सोडून तू त्या खेड्यात कशाला मरायला चाललायस.

आता मी कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध दिलबहार बघत मोठा झालोय, पेठेतल्या पेठेत मॅच असली की घरात कोण कुणाशी बोलत नसायचं. आम्हाला मोठ्या क्लबचं फार कौतुक नसतं. आमचा जीव तालमीत, म्हणजे आमच्या पेठापेठांतल्या फुटबॉल क्लबांत. त्यामुळं चाळीस-एकेचाळीस हजार वस्तीच्या गावाचा एक क्लब शंभर वर्षं जुना आहे, स्टेडियममध्ये साडेचौदा हजार माणूस बसतो, म्हणजे गावातला प्रत्येक तिसरा माणूस आत मावतो, आणि हा क्लब आजवर एकदाही लीग जिंकलेला नाही, हे वाचल्यावर मला राहवेना.

दुसरं कारण जपान. 2022 च्या वर्ल्ड कपला जपाननं आधी जर्मनीला आणि मग स्पेनला लोळवलं ते आठवतं ना? तेव्हा मी रात्री जागून त्या टीमची कुंडली काढत बसलो होतो. एंडो, कामादा, तोमियासू, आणि गोलकीपर श्मिट, चौघांच्याही कुंडलीत एकच गाव, सिंट-ट्राउडन. मला वाटलं विकिपीडियाचा घोळ असेल. घोळ नव्हता.

ब्रसेल्सहून ट्रेननं साधारण तासाभराचा रस्ता, लूव्हन, लांडन आणि मग सिंट-ट्राउडन. लांडन सोडल्यावर दोन्ही बाजूला नुसत्या बागा सुरू होतात. या पट्ट्याला हास्पेनगौ म्हणतात, बेल्जियमचा फळबागांचा भाग, आणि एप्रिलमध्ये सगळं पांढरं झालेलं असतं, आधी चेरी फुलते मग पेअर मग सफरचंद. लोक खास फुलं बघायला सायकली घेऊन येतात. एवढं सुंदर खिडकीबाहेर चाललेलं आणि मी झोपलो. डायरेक्ट हासेल्टला उठलो. उलटी ट्रेन पकडून परत आलो. हे दादाला अजून सांगितलेलं नाही, कृपया कुणी सांगू नका.

स्टेडियमचं नाव स्टायेन. जुनं नाव तेच, पण हल्ली पाटीवर पुढं स्पॉन्सर लागलाय, दाइओ वसाबी. म्हणजे ती सुशीबरोबरची हिरवी झणझणीत चटणी, तिचं जपानमधलं मोठं फार्म आहे, त्यांचं नाव. बेल्जियमच्या सफरचंदाच्या गावात वसाबी स्टेडियम. बाहेरून बघितलं तर स्टेडियम वाटतच नाही, मॉलसारखं वाटतं, दुकानं आहेत, ऑफिसं आहेत, एक चांगलं चार स्टारचं हॉटेल आहे ज्याच्या काही रूममधून थेट ग्राउंड दिसतं. मी गेट शोधत एक पूर्ण फेरी मारली. माणूस नाही. गाणी नाहीत, पोलीस नाहीत, तळणाचा वास नाही. दुसऱ्या फेरीला डोक्यात प्रकाश पडला आणि मोबाईल काढून बघितलं. रविवार. मी तिथंच फुटपाथवर बसलो आणि स्वतःला कोल्हापुरीत जे काय म्हणायचं ते म्हणून घेतलं.

माझं हे चाललेलं एक आजोबा लांबून बघत होते. सत्तरी ओलांडलेले, खाकी जॅकेट, हातात पिशवी, पिशवीतून पाव डोकावतोय. जवळ येऊन त्यांच्या भाषेत काहीतरी विचारलं, मी इंग्लिशमध्ये म्हटलं मॅच. त्यांनी मनगटावरच्या घड्याळाकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग बोटानं दाखवलं, उद्या. "जपानहून आलास?" मी म्हटलं माझ्या तोंडाकडं बघा की. इंडिया. "कुठल्या प्लेअरसाठी?" कुठल्याच नाही, क्लबसाठी. "आमच्या क्लबसाठी? इंडियाहून? मॅच नसलेल्या दिवशी?" आणि आजोबा हसायला लागले, इतके हसले की खोकला लागला, पाव खाली पडायची वेळ आली. मग म्हणाले चल, कॉफी घेऊ.

इथून पुढचे दोन तास म्हणजे माझी बेल्जियमची ट्रिप. बाकीचे तेरा दिवस नसते तरी चाललं असतं.

काचेतून ग्राउंड दिसेल असं टेबल त्यांनी निवडलं. रिकामं ग्राउंड, कृत्रिम गवत, पावसात चकचकीत हिरवं. पिवळ्या-निळ्या खुर्च्या. आजोबा म्हणाले हे पिवळं-निळं कुठून आलं माहितेय का? 1924 मध्ये गावात दोन क्लब होते, युनियन आणि गोल्डस्टार. दोघं एक झाले, युनियनचा निळा, गोल्डस्टारचा पिवळा. म्हणून यांना कॅनरी म्हणतात, तो पिवळा पक्षी. (मला लगेच वाटलं की आमच्याकडं दोन तालमी एक करून दाखवा, रंगावरूनच डोकी फुटतील.) 1927 ला या जागेवर खेळायला लागले. आणि बेल्जियममध्ये प्रत्येक क्लबला एक नंबर असतो, 1926 मध्ये फेडरेशननं वयाप्रमाणं वाटले, अँटवर्पचा नंबर एक, यांचा 373. हा नंबर म्हणजे जन्मदाखला. क्लब बुडाला की नंबर गेला, दोन क्लब मिसळले की एकाचा नंबर जातो आणि मागं लोक वर्षानुवर्षं त्या नंबरासाठी भांडत राहतात. आजोबांनी 373 हा आकडा मला तीनदा ऐकवला, चौथ्यांदा माझ्याकडून म्हणवून घेतला.

मग आलं 1966. हे ऐकायला तुम्ही तिथं हवे होता.

1957 ला क्लब पहिल्यांदा वरच्या डिव्हिजनला पोचला आणि 1959 ला कोच म्हणून एक माणूस आला, रेमों गोथाल्स. तोंडात कायम सिगरेट, अंगात रेनकोट. याच माणसानं पुढं 1993 मध्ये मार्सेलला मिलानविरुद्ध चॅम्पियन्स लीग जिंकून दिली, पण आजोबांच्या लेखी ते सगळं नंतरचं किरकोळ. गोथाल्स म्हणजे स्टायेन. त्या काळात या ग्राउंडला लोक स्टायेनचा नरक म्हणायचे. चिखल, लाकडी स्टँड, पब्लिक इतकं जवळ की थ्रो-इन घेणाऱ्याच्या कानात शिव्या पडायच्या, ब्रसेल्स आणि लीज शहरांतले मोठमोठे प्लेअर इथं यायचं टाळायचे. आणि 1965-66 च्या सीझनला हे लोक लीगमध्ये दुसरे आले. अँडरलेख्टच्या मागं. अँडरलेख्टनं तेव्हा ओळीनं पाच वेळा लीग मारली, त्यातली ही तिसरी. आजोबा तेव्हा चौदा वर्षांचे, वडिलांच्या सायकलच्या मागं बसून यायचे, वडील बागेत कामाला. "दुसरे," ते म्हणाले आणि दोन बोटं वर केली, "दुसरे!" एखाद्यानं वर्ल्ड कप जिंकल्याचं सांगावं तसं. मी अंदाज घेत विचारलं, लीग हुकली म्हणून वाईट नाही वाटलं? माझ्याकडं बघितलं जसं काही मी वेड्यासारखं काहीतरी विचारलंय. म्हणाले त्या वर्षी आमच्या मागं किती क्लब होते ते मोज की.

मग बेल्जियन कपची फायनल 1971, हरले, बेअरस्कॉटविरुद्ध. 1968 ला यांच्या लोन पोलॉइनिसला गोल्डन शू मिळाला, म्हणजे देशातला वर्षाचा सगळ्यात भारी प्लेअर, आणि तो या गावच्या जर्सीत. परत कपची फायनल 2003, परत हरले, ला लुव्हिएरविरुद्ध, ते पण छोट्याच गावाचं. मधे 1999 ला एक लीग कप जिंकला, पण तो सांगताना आजोबांनी हात असा झटकला की मी पुढं विचारलं नाही. खाली-वर तर चालूच, सेकंड डिव्हिजन चार वेळा जिंकून वर आले, 1987, 1994, 2009, 2015. 2009 ला वर आले आणि लगेच पुढच्या सीझनला चौथे, तेव्हा गोलमध्ये इथलाच मिन्योले होता, तोच जो पुढं लिव्हरपूलला गेला.

आणि मग गेंक. तीसेक किलोमीटरवर गेंक आहे, खाणकामगारांचं गाव, तिथले दोन क्लब 1988 ला एक झाले आणि त्यांनी 1999, 2002, 2011, 2019 अशी चार वेळा लीग मारली. चार वेळा! गेंकचं नाव निघाल्यावर आजोबांनी कॉफीत साखर घातली, आधी बिनसाखरेची पीत होते. "1924 ला आम्ही होतो, ते कुठं होते?" मला शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठच आठवली, शपथ.

मला जो प्रश्न विचारायचा होता तो मी शेवटी विचारला. की बाबा, हा तुमचा वडिलांच्या सायकलवरचा क्लब, 2017 ला टोकियोच्या एका इंटरनेट कंपनीनं विकत घेतला, डीएमएम, जी ऑनलाइन व्हिडिओ गेम असलं काय काय विकते. तुम्हाला राग नाही आला? मनात मी उत्तर ठरवूनच ठेवलं होतं, भावनिक काहीतरी, पोस्टसाठी बरं पडेल असं.

आजोबा म्हणाले, राग कसला. त्याआधी दुशातले होता (हा मोठा उद्योगपती, इलेक्ट्रॉनिक्सवाला, राजकारणात पण, त्यानंच हे हॉटेल-दुकानं-स्टेडियम असं सगळं एकत्र बांधलं). "त्यानं नरकात हॉटेल बांधलं. त्यापेक्षा जपानी बरे, ते वेळेवर पगार देतात आणि नमस्कार करतात." मग मान वाकवून मला करून दाखवलं.

जपान्यांनी हेच गाव का धरलं याचं गणित त्यांनीच समजावलं. इंग्लंडला परदेशी पोरगं खेळवायचं तर वर्क परमिटच्या भानगडी, बेल्जियममध्ये युरोपबाहेरचे किती खेळवायचे यावर बंधन नाही, पगार तेवढा ठरलेल्या किमान आकड्याच्या वर द्यावा लागतो. म्हणून पोरं जपानहून इथं येतात, थंडी, चिखल, धक्काबुक्की शिकतात आणि दोन वर्षांत पुढं. तोमियासू इथून बोलोन्या मग आर्सेनल, एंडो इथून स्टुटगार्ट मग लिव्हरपूल, कामादा तर फ्रँकफुर्टकडून एका सीझनसाठी उधारीवर आलेला. नंतर कागावा आला, ओकाझाकी आला, करिअरच्या शेवटाला, आणि मॅचला जपानी टुरिस्ट यायला लागले, हातात कॅमेरे. आजोबा ही सगळी नावं चोख उच्चारत होते. तो-मि-या-सू. माझं नाव मात्र त्यांना पाच वेळा सांगून जमलं नाही, शेवटी "इंडिया" वरच आलं.

आणि मग ते जे म्हणाले ते माझ्या डोक्यात अजून फिरतंय. म्हणाले, आम्ही आधीपासून तेच करतो, पिकवतो आणि विकतो. पेअर पण विकतो. चांगली फळं इथं कोण खातं, सगळी बाहेर जातात. बोलताना दुःखी बिखी अजिबात नव्हते, बाजारभाव सांगावा तसं सांगितलं आणि बिल मागितलं. मी पैसे काढले तर हात बाजूला केला. वर म्हणाले उद्या थांब, माझ्या शेजारची खुर्ची रिकामी असते, शेजाऱ्याचा गुडघा दुखतो.

मी फ्लाइटचं सांगितलं. आता वाटतं बदलायला हवी होती. कंपनीचं तिकीट होतं, बदलायला किती पडतात तेही मी बघितलं नाही, घाबरलो सरळ. इथंच सांगतो कारण ऑफिसात सांगायची सोय नाही.

गाव बघितलं. मोठा चौक आहे, तीन टॉवर एका रांगेत, चर्च, टाऊन हॉल, जुना मठ. छान.

स्टेशनकडं परत चालताना एक सरदारजी सायकलवरून गेले, थांबले, मागं वळून आले. "कहाँ से जी?" मी म्हटलं महाराष्ट्र, कोल्हापूर. "शिर्डी के पास?" मी म्हटलं हां पास ही है, कारण बेल्जियममधून बघितलं तर पासच आहे. या गावात शिखांची मोठी वस्ती आहे हे मी वाचलं होतं, फळतोडणीच्या कामाला म्हणून आधीची पिढी आली, नव्वदच्या दशकात जोर धरला, गुरुद्वारा उभा राहिला, वैशाखीला रस्त्यावरून नगरकीर्तन निघतं. पण वाचणं वेगळं आणि त्या पांढऱ्या फुलांच्या गावात कुणीतरी "चाय पीके जाओ" म्हणणं वेगळं. दोन आठवड्यांत पहिल्यांदा मला कुणी न विचारता वाढलं. डाळ, रोटी, वर खीर. ब्रसेल्सच्या पाहुणचाराबद्दल मी काही बोलत नाही, तिथं लोक चांगले आहेत पण दोन बिस्किटं मोजून देतात.

त्यांचा मुलगा तिथंच होता, बारा-तेरा वर्षांचा, डोक्याला पटका आणि अंगात पिवळी जर्सी. बापाशी पंजाबी, माझ्याशी इंग्लिश, मित्राशी फोनवर इथली डच, तिन्ही एका दमात. मी विचारलं मॅचला जातोस का, तर म्हणाला बाबांच्या मालकाबरोबर जातो. म्हणजे ज्यांच्या बागेत वडील फांद्या छाटतात आणि ऑगस्टपासून पेअर तोडतात त्या शेतकऱ्याकडं सीझन तिकिटं आहेत, त्याची स्वतःची पोरं बाहेरगावी, त्यांना फुटबॉलमध्ये रस नाही, मग तो याला घेऊन जातो. आवडता प्लेअर झिऑन सुझुकी, गोलकीपर. 2024 ला पार्माला गेला म्हणून हा अजून रुसलेला. "सगळे चांगले जातात," म्हणाला, आणि आजोबांसारखं अजिबात बोलला नाही, चांगला वैतागून बोलला. वडील हसले आणि मला आणखी एक रोटी वाढली.

परतीच्या ट्रेनमध्ये झोपलो नाही. बागा बघितल्या. त्यात एक-दोन माणसं शिडी लावून काहीतरी करत होती, लांबून पगडी आहे की टोपी ते कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी एअरपोर्टवर बोर्डिंगच्या रांगेत मोबाईलवर स्कोअर बघत होतो, मागच्या बाईंनी दोनदा खांद्याला हात लावून पुढं सरका म्हणून सांगितलं. निकाल लिहीत नाही. आजोबांनी परत साखर घातली असणार एवढंच सांगतो.

निघताना क्लबचा एक मफलर घेतला होता, पिवळा-निळा, लोकरीचा, किंमत युरोत आहे तोपर्यंत ठीक, रुपयात केली की छातीत कळ येते. बाबांना दिला. आता बाबा तो घालून सकाळी रंकाळ्यावर फिरायला जातात, मेच्या उकाड्यात पण, काढ म्हटलं तर ऐकत नाहीत. परवा त्यांना ग्रुपमधल्या एकानं थांबवून विचारलं, "पाटील, ही कुठली तालीम ओ?"

बाबा म्हणाले, "बेल्जियमातली. मालक जपानी हाय."

तो म्हणाला, "मग ह्या सीझनला कुणाकुणाला घेतलंय?"